तीन व्याख्यानांतले पहिले

काशिराम शेठच्या यार्डात कुणी कामगार दगावला, तर तेराव्याच्या आत त्याच्या घरी पाकीट पोचत असे. अर्ज करावा लागत नसे, कुणाच्या पाया पडावे लागत नसे. शेठ स्वतः जात, पडवीत बसत, चहा घेत आणि उठताना पाकीट त्या बाईच्या हातात ठेवत. आत किती आहे ते बोलत नसत. पळस्पे फाट्याच्या पुढे, कंटेनर एकावर एक रचून ठेवण्याच्या त्या मोठ्या आवारात, 'हौसाई यार्ड'मध्ये, पस्तीस वर्षे हा रिवाज चालला होता. त्या रकमेला सगळे 'बांधाचा पैसा' म्हणत.

नाव शेठच्या गावाकडून आले होते. खाडीकाठच्या त्या गावात शेते भरतीच्या पातळीखाली. खारे पाणी आणि भात यांच्यामध्ये एक मातीचा बांध, बस्स. त्या बांधासाठी सुगीला प्रत्येक घरातून भात निघायचे. ते विकून आलेला पैसा देवळातल्या पत्र्याच्या पेटीत पडायचा आणि बांधाला खांड पडली तरच पेटी उघडायची. कुणाच्या पोरीचे लग्न अडो, कुणी खाटेला खिळो, पेटीला हात नाही. काशिराम घरत मिठागरातून उठून दोन ट्रेलरचे मालक झाले, तेव्हा पहिल्याच महिन्यापासून त्यांनी दर कंटेनरमागे पाच रुपये बाजूला काढायला सुरुवात केली. कामगारांच्या पगारातून नव्हे, स्वतःच्या कमाईतून. पुढे पाचाचे पन्नास झाले, दोन ट्रेलरचे दीडशे झाले आणि बांधाचा पैसा व्याजासकट अकरा कोटींच्या वर गेला. पाकिटापुरता शेठ काढत; बाकी कशासाठीही तो काढायचा तर तीन सह्या लागत. एक शेठची, दुसरी त्यांचा मुलगा प्रितेश याची आणि तिसरी भगवान मास्तरांची.

भगवान मास्तर त्याच गावचे. त्यांचे वडील काशिरामच्या वडिलांबरोबर मिठागरात फावडे ओढत. दोघे मुलगे एकाच बाकावर बसले, पण काशिराम सातवीनंतर कामाला लागला आणि भगवानला स्कॉलरशिप मिळाली. त्याने संस्कृत घेतले. "आगऱ्याचा पोर भटजी व्हनार," म्हणून गाव हसले, आणि पनवेलातल्या कॉलेजात पिढीजात संस्कृत शिकणाऱ्या घरांतली मुले हसली. तेहतीस वर्षे हायस्कुलात संस्कृत शिकवून, निवृत्त होऊन, सुकापूरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौऱ्याहत्तरी गाठली, तरी मास्तरांच्या कानातले ते हसणे गेले नव्हते. चारचौघांत एखादे वचन बोलले की त्यांना वाटे, मागून कुणीतरी उठून चूक दाखवणार. म्हणून ते सहसा बोलतच नसत. घरी वाचत, वह्या भरत आणि वर्षातून एकदा यार्डात जाऊन, हिशेब पाहून सही करून येत.

त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र पक्की होती. त्यांच्या गुरुजींनी घालून दिलेली रीत. जुन्या शास्त्रांत कुठलाही प्रश्न घेतला की आधी विरुद्ध बाजू मांडायची. तिला पूर्वपक्ष म्हणतात. मग तिचे खंडन करायचे आणि शेवटी आपला सिद्धान्त सांगायचा. गुरुजी म्हणत, "समोरच्याची बाजू अशी मांड, की त्याला स्वतःलाही तशी मांडता येऊ नये. मग खोडून काढ. खोडता आली नाही तर ती मान्य कर. याला विद्या म्हणतात, भगवान. बाकीचं सगळं भांडण."

प्रितेश मास्तरांच्या घरी आला तो जानेवारीत. चाळिशीचा, परदेशात शिकून आलेला, बोलण्यात गोड. कंपनीचे आर्थिक व्यवहार तोच पाहत असे.

"मास्तरकाका, आपल्या मॅनेजर लोकांसाठी एक सिरीज करतोय. प्राचीन भारतीय अर्थविचार आणि आजचं फायनान्स. बाहेरचा कुणी वक्ता आणायचा तर लाख रुपये घेतो आणि इंटरनेटवरचंच सांगतो. तुम्ही खरे अभ्यासक. तीन लेक्चर्स द्या."

"मी? मला फायनान्समधलं काय कळतं?"

"कोष राखणं, कोष वापरणं, संकटात राजाने काय करावं. हेच तर आमचं काम. फक्त राजाच्या जागी कंपनी."

आतल्या खोलीतून दमयंतीबाई म्हणाल्या, "जा की. इथं भिंतीला शिकवता ते तिथं मानसांना शिकवा. भिंतीला आता पाठ झालाय."

मास्तरांनी तीन आठवडे रात्रीचा दिवस केला. विषय ठरवला: राखीव कोषाला हात लावावा का? पहिले व्याख्यान पूर्वपक्षाचे, म्हणजे लावावा. दुसरे खंडनाचे. तिसऱ्यात सिद्धान्त आणि आजच्या कंपनीने त्यातून काय घ्यावे ते. पूर्वपक्ष लिहिताना त्यांना विलक्षण गोडी लागली. एकेक युक्तिवाद त्यांनी सोनाराने दागिना घासावा तसा घासला. खंडनाची टिपणे मात्र घाईत झाली. त्यांना वाटले, मध्ये आठवडा आहे, तेव्हा करू.

यार्डाच्या एसी हॉलमध्ये साठ माणसे होती. पहिल्या रांगेत काशिराम शेठ पांढऱ्या टोपीत बसले होते. मास्तर उभे राहिले ते टिपणांवर नजर खिळवून. पण बोलायला लागल्यावर काहीतरी झाले. ते म्हणाले, जो कोष राज्य बुडत असताना बंद राहतो, तो राजा शत्रूसाठी राखत असतो. विहिरीचे पाणी उपसले तरच झरा जिवंत राहतो. प्रजेचे रक्षण पेटीत नसते, राज्याच्या वाढीत असते. राज्यच उरले नाही तर पेटीची किल्ली घेऊन प्रजा काय करणार? प्रत्येक मुद्द्याला दाखला होता, प्रत्येक दाखल्यामागे दुसरा. माणसे लिहून घेत होती. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना मागच्या रांगेतले हसणे ऐकू आले नाही. शेवटी ते म्हणाले, "ही एक बाजू झाली. उरलेले पुढच्या शुक्रवारी." पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि ते वाक्य त्यांत कुणाला ऐकू गेले असेल, असे वाटत नाही.

काशिराम शेठ जवळ आले. "काय बोललास रं भगवान! मी तर समजत व्हतो तू मुकाच हायस."

पुढच्या शुक्रवारी बँकेची मीटिंग निघाली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी प्रितेश दिल्लीला होता. मास्तरांना वाटे, फोन करून विचारावे. मग वाटे, आपणहून विचारले तर म्हाताऱ्याला बोलायची हौस आली असे व्हायचे. त्यांनी फोन केला नाही. महिन्याने एक पुस्तिका घरी आली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरे, वर मास्तरांचा फोटो. आत त्यांचे पहिले व्याख्यान, शब्द न् शब्द. शेवटचे वाक्य तेवढे नव्हते.

दमयंतीबाईंनी फोटो निरखला. "बरा आलाय. डोक्यावर क्यास नाय ते कलत नाय."

मार्चच्या शेवटी यार्डातून गाडी आली. शेठच्या केबिनमध्ये तिघेच होते. टेबलावर कागद. नव्या विमानतळाच्या बाजूला बारा एकर जमीन विकायला येत होती. तिथे मोठे गोदाम बांधले तर कंपनी दसपट होणार. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी कंपनीने स्वतःचे अकरा कोटी घालायला हवे होते. कागदाच्या पहिल्या पानावर, ठरावाला आधार म्हणून, मास्तरांच्या व्याख्यानातला उतारा होता.

मास्तरांनी तो दोनदा वाचला. "प्रितेश, हा पूर्वपक्ष आहे. हे माझं मत नाही. हे खोडून काढायचं होतं."

प्रितेशने खुर्ची जवळ ओढली. तो चिडला नाही, हसलाही नाही. "ठीक आहे काका. मग खोडा. आत्ता खोडा. मी ऐकतो. तुमचं खंडन काय आहे?"

"टिपणं घरी आहेत."

"आठवत असेल तेवढं सांगा."

मास्तर सांगू लागले. राखीव कोष ही ठेव असते. ठेव सांभाळणाऱ्याला ती वापरायचा अधिकार नाही. ठेवणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याने ती हलवली, तर तो चोराच्या बरोबरीचा होतो.

"बरोबर," प्रितेश म्हणाला. "पण ठेव कुणी ठेवली? कामगारांच्या पगारातून बाबांनी एक रुपया कधी कापला का? नाही. पैसा बाबांचा, बाबांनीच बाजूला काढला. स्वतःच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात. मग ठेव कसली, काका?"

हा मुद्दा मास्तरांच्या टिपणांत नव्हता. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिले. ठेवीला ठेवणारा लागतो. ज्याने काही ठेवलेच नाही, त्याची ठेव कशी? दान म्हणावे तर दान अजून दिलेले नाही. त्यांनी एकेक वाट धरली आणि प्रत्येक वाट थोडे चालून बंद झाली. शेठ त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"मना यातला कलत नाय," शेठ म्हणाले. "मी नाय बोललो तर पोरगा बोलंल, बाप अडानी हाय. तू शिकलेला. तू सई केलीस तर मी करीन."

गुरुजींची रीत मास्तरांना पाठ होती. खोडता आली नाही तर मान्य कर. आपल्या मनाला पटत नाही म्हणून अडून बसणे हा अडाण्याचा मार्ग. आणि आजवर लोक ज्याला हसत आले ते त्यांचे अडाणीपणच तर होते. मास्तरांनी पेन घेतले आणि सही केली. तिच्याखाली शेठनी केली. प्रितेशची आधीच होती.

संध्याकाळी जेवताना त्यांनी दमयंतीबाईंना सगळे सांगितले. ठेव, दान, डावा खिसा, उजवा खिसा. त्या भाकरी वाढत ऐकत होत्या.

"एवढा कठीन काय हाय त्यात?" त्या म्हणाल्या. "बांध कोनाचा आसतो?"

"कुणाचा?"

"ज्याचा शेत बुडंल त्याचा. पैसा कोनी का घालंना."

मास्तरांचा घास हातातच राहिला. इतके साधे. ज्याच्यावर संकट येणार, मालकी त्याची. जुन्या ग्रंथांतही हा विचार कुठेतरी असणार. त्यांनी पोथ्या शोधल्या होत्या, आणि ज्या बांधावर त्यांचा बाप चिखलात उभा राहिला होता तो त्यांना एकदाही आठवला नव्हता. ते उठले, हात न धुता फोनकडे गेले. प्रितेश म्हणाला, "काका, दुपारीच ट्रान्सफर झालेत." आणि थोडे थांबून, "काळजी करू नका. तीन वर्षांत दुप्पट करून परत ठेवतो. शब्द."

तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसेच वाटत होते. पण जमिनीतल्या तीन एकरांवर जुन्या वारसांनी दावा लावला आणि बांधकाम थांबले. बँकेचे हप्ते थांबले नाहीत. त्यांत यार्डातली दोन मोठी गिऱ्हाइके बंदराजवळच्या नव्या आवारात गेली. दिवाळीला बोनस झाला नाही. पुढच्या मार्चपासून पगार महिना महिना मागे पडू लागले. आणि मे महिन्यात, क्रेनची दुरुस्ती लांबवल्यामुळे, वरचा एक कंटेनर सुटून खाली आला. खाली धर्मराज पाटील उभा होता. आपटा गावचा, बेचाळीस वर्षांचा कामगार.

तेरावे झाले. पाकीट आले नाही.

त्याची बायको मालू आठवड्याने मास्तरांच्या दारात उभी राहिली. ती आठवी-नववीत मास्तरांच्या वर्गात होती. अंगठ्याएवढी होती तेव्हाही तोंडाची फटकळ.

"शेठच्या बंगल्यावर गेली व्हती. शेठ रडाय लागलं. मी नवरा घालवून आलेली, आन् मीच त्यांचं डोलं पुसत बसली. मंग बोललं, मास्तरला इचार."

दमयंतीबाईंनी तिला पाणी दिले. मास्तर म्हणाले, "पैसे नाहीत, मालू. सही मी केली."

"तुमी? कशाला?"

याचे उत्तर द्यायला मास्तरांनी तोंड उघडले. पूर्वपक्ष, खंडन, गुरुजी. त्यांनी ते परत मिटले. मालूने पाण्याचा ग्लास खाली ठेवला, म्हणाली, "दोन पोरी हायत, मास्तर," आणि उठून गेली.

यार्ड जुलैत बंद झाले. चारशे दहा कामगार. बँकेने गोदामाची जमीन ताब्यात घेऊन लिलाव करायची नोटीस लावली. कामगारांची वकील होती अंकिता म्हणून एक पोरगेलीशी बाई. पैसे न घेता लढत होती. तिने कागद पाहून सांगितले की बँकेच्या आधी कामगारांचा हक्क लावायला एकच फट आहे. तिसरी सही जर फसवून घेतलेली असेल, सही करणाऱ्याला आपण काय करतोय ते समजलेच नसेल, तर अकरा कोटींचे ते सगळे हस्तांतरण डळमळते. मग त्या जमिनीवर कामगारांचा दावा टिकू शकतो. निदान लिलाव थांबतो.

"पण मला समजलं होतं," मास्तर तिला म्हणाले.

ती कागद पिशवीत भरू लागली. "मी तुम्हाला काय सांगा हे सांगू शकत नाही, सर. सांगितलं तर माझी सनद जाईल. मी फक्त कायदा सांगितला."

दोन दिवसांनी काशिराम शेठ आले. सहा महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. जिना चढून दम लागला होता. बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भगवान, तू बोल तुला कलला नाय म्हनून."

"काशिराम, मला कळलं होतं. प्रितेशने मला फसवलं नाही. त्याने विचारलं होतं, खंडन काय म्हणून. तोंडावर विचारलं. मी मान्य केलं."

"मना म्हाईत हाय. मी तिथंच व्हतो."

"मी असं बोललो तर फसवणुकीचा खटला त्याच्यावर होईल. तुझ्या मुलावर."

"व्हईल."

"आत जाईल तो."

शेठ टोपीची कड बोटांनी दाबत राहिले. "चारशे घरा हायत. माजा एक हाय." मग त्यांनी मान वर केली. "मी बोललो तर उपेग नाय. मी तुज्या सईखाली सई केली, मी अडानीच. कागदावर शानी सई एकच, ती तुजी. ती खोटी ठरली तरच काय व्हईल."

दमयंतीबाई दाराशी उभ्या होत्या. शेठ गेल्यावर मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले.

"तुला काय वाटतं?"

"मना नका इचारू," त्या म्हणाल्या. "मागच्या टायमाला सांगतला ते उशिरा सांगतला. आता लवकर सांगून चुकंल."

मास्तर तीन दिवस वह्यांसमोर बसले. या वेळी त्यांनी दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. खोटी साक्ष देऊ नये ही बाजू लिहिताना पाने भरली. द्यावी ही बाजू चार ओळींत संपली, आणि त्यांतली एकही ओळ शास्त्राला धरून नव्हती. गुरुजींच्या रीतीने निकाल उघड होता. त्यांनी वही मिटली.

मास्तरांच्या वयाचा विचार करून साक्ष नोंदवायला कोर्टाने एक कमिशनर नेमले होते. कोर्टाच्या इमारतीतल्या एका छोट्या खोलीत टेबल, टाइप करणारा कारकून आणि पंखा. एका बाजूला अंकिता, दुसरीकडे बँकेचे वकील. त्यांच्या मागच्या खुर्चीत प्रितेश. त्याची दाढी वाढली होती. त्याने मास्तरांना नमस्कार केला.

बँकेच्या वकिलांचा आवाज मऊ होता. त्यांनी सोनेरी अक्षरांची पुस्तिका पुढे केली. "सर, हे विचार तुमचे?"

"मी वाचून दाखवले."

"स्वतः लिहिलेले ना?"

"इकडून तिकडून उतरवलेले."

"अर्थ समजून?"

मास्तरांनी पाण्याचा ग्लास उचलला. न पिताच परत ठेवला. "नाही."

"तेहतीस वर्षं तुम्ही संस्कृत शिकवलंत."

"पुस्तकात असेल ते फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं पाठ करायची."

"तुम्ही सही करण्यापूर्वी प्रितेश घरतांना म्हणालात, की हा पूर्वपक्ष आहे. असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणालात?"

"शब्द वापरला असेल. ऐकलेला शब्द आहे."

"पूर्वपक्ष म्हणजे काय, सर?"

प्रितेश पुढे झुकून त्यांच्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाने हात वर करावा आणि मास्तरांनी आपल्याकडे बघावे म्हणून वाट पाहावी, तशी ती नजर होती.

"नाही सांगता येत," मास्तर म्हणाले.

"तुमच्या गुरुजींकडे तुम्ही आठ वर्षं शिकलात, असं या पुस्तिकेत लिहिलंय. त्यांनी हे शिकवलं नाही?"

मास्तरांना गुरुजींचे धोतर दिसले, गुडघ्यावर रफू केलेले. "त्यांनाही नीट येत नसावं," ते म्हणाले.

वकिलांनी चष्मा काढला. अंकिताने मान खाली घातली. कमिशनरांनी कारकुनाकडे बोट केले. कारकुनाने जबानी वाचून दाखवली. मला संस्कृत वाचता येते परंतु अर्थ समजत नाही. माझे शिक्षण अपुरे आहे. सदर कागद मला समजावून न सांगता माझी सही घेण्यात आली.

"बरोबर आहे?" कमिशनरांनी विचारले.

"बरोबर आहे."

कारकुनाने पेन दिले. मास्तरांनी ते कागदावर टेकवले, पण रेघ सरळ जाईना. दुसऱ्यांदाही जाईना. कारकून भला माणूस होता. म्हणाला, "राहू द्या आजोबा. अंगठा चालतो," आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये प्रितेश भिंतीला टेकून उभा होता. मास्तर जवळून जाताना हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं, काका. खंडन सांगा म्हणून मी विचारलं होतं." मास्तर थांबले नाहीत.

अंकिता मागून आली. ती हलक्या आवाजात म्हणाली की लिलावाला बहुतेक स्थगिती मिळेल. पुढे दावा चालेल. तीन वर्षे, चार वर्षे. बँक वरच्या कोर्टात जाईल. "आणि सर, तोपर्यंत..." ती घुटमळली. "तोपर्यंत तुम्ही कुठे काही लिहू नका. व्याख्यान, शिकवणी, वर्तमानपत्रात पत्र, काही नाही. कुणाशी या विषयावर बोलूसुद्धा नका. ते पाळत ठेवतील."

"हो," मास्तर म्हणाले.

पायऱ्यांच्या खाली मालू वाट पाहत होती. बरोबर धाकटी मुलगी होती, शाळेच्या गणवेशात. मालूने त्यांच्या निळ्या अंगठ्याकडे पाहिले, मग तोंडाकडे.

"आतला मानूस बोलत व्हता, तुमी सांगतलात तुमाला काय येत नाय म्हनून." तिने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "खरंच नव्हता कलला, मास्तर? मना तरी खरा सांगा."

तिच्या मागे, दहा हातांवर, बँकेच्या वकिलांचा कारकून मोटारसायकलवर बसून फोन पाहत होता. पाहत होता की नव्हता, कोण जाणे. मास्तरांनी धाकटीकडे पाहिले. तिच्या दप्तराची चेन तुटलेली होती, आत पुस्तकांच्या कडा दिसत होत्या.

"नाय," ते म्हणाले. "खरंच नव्हता कलला."

मालूने मुलीचे दप्तर खांद्यावर सरळ केले. मग तिच्या तोंडावर ते जुने, नववीतले फटकळपण आले, पण हसण्याशिवायचे.

"मंग आमाला शिकवलंत काय एवढी वरसा?" ती म्हणाली, आणि मुलीचा हात धरून आपट्याच्या गाडीसाठी नाक्याकडे चालू लागली.